हात आत गेलाच कसा? पॉवर प्रेसच्या निमित्ताने कामाच्या जागेची सुरक्षा

पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या पॉवर प्रेस यंत्रांच्या कारखान्यात, म्हणजे प्रेस शॉपमध्ये, एखाद्याचं बोट गेलं की दवाखान्याच्या दारातच पहिला प्रश्न येतो, "अरे, हात आत घातलासच कसा?" सुपरवायझर विचारतो, मालक विचारतो, घरचेही विचारतात. जखमी माणूस खाली मान घालून "लक्ष नव्हतं साहेब" म्हणतो. अपघाताच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं जातं आणि विषय मिटतो. पुढच्या आठवड्यात त्याच प्रेसवर दुसरा पोरगा बसलेला असतो.

हात आत घातला, कारण त्याचं कामच ते होतं. पत्र्याचा कापलेला तुकडा, ज्याला शॉपमध्ये ब्लँक म्हणतात, तो हाताने डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात ठेवायचा, पायाने पॅडल दाबायचं, रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येऊन वर गेला की तयार जॉब हातानेच उचलायचा आणि पुढचा ब्लँक ठेवायचा. मिनिटाला दहा जॉब धरू. तासाचे झाले सहाशे. चहा-जेवण वजा जाता पाळीत सात तास हातात राहतात, म्हणजे 4,200 वेळा हात डायमध्ये. वर्षाचे कामाचे 300 दिवस धरले तर 12,60,000 वेळा. आता असा माणूस कल्पा जो दहा लाखांत फक्त एकदा चुकतो. इतका सावध माणूस मला तरी माहीत नाही. तरीही तो सरासरी वर्षातून एकदा चुकणारच. प्रत्येक चुकीला बोट जात नाही हे खरं, रॅम त्या क्षणी वर असेल तर निभावतं. पण शॉपमध्ये अशा दहा प्रेस असतील, पाळ्या दोन असतील आणि पाळी आठऐवजी बारा तासांची असेल, तर कधी ना कधी कुणाचं तरी बोट जाणार हे कागदावरच दिसतं.

म्हणून 'काळजीपूर्वक काम करा' हा सल्ला ठीक आहे, पण ती व्यवस्था नव्हे. माणूस दमणार, त्याला डुलकी येणार, मोबाइल वाजणार, घरचं टेन्शन डोक्यात असणार, हे सगळं धरूनच चालायचं आणि तो चुकला तरी हात शाबूत राहील अशी मांडणी करायची. कामाच्या जागेच्या सुरक्षेचं सगळं शास्त्र एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे. प्रेसचंच उदाहरण घेतो, कारण भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज इथल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या उद्योगात हे यंत्र गल्लोगल्ली आहे. मानेसर, फरीदाबाद आणि पुणे परिसरातल्या जखमी वाहन-कामगारांशी बोलून 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते आहे. त्यांतही बोटं जाण्याच्या प्रकरणांत पॉवर प्रेसचंच नाव सर्वांत जास्त येतं.

प्रेस नेमकी चालते कशी

बाजूला मोठं जड फ्लायव्हील असतं. मोटर ते सतत फिरवत ठेवते. पॅडल दाबलं की क्लच गुंततो, फ्लायव्हीलची ताकद क्रँकशाफ्टला मिळते, रॅम खाली येतो, पत्रा कापतो किंवा वाकवतो आणि वर जाऊन थांबतो. या एका फेरीला स्ट्रोक म्हणतात. मिनिटाला 60 स्ट्रोकची प्रेस असेल तर पूर्ण फेरी एका सेकंदाची, आणि त्यात रॅमला खाली यायला जेमतेम अर्धा सेकंद. काहीतरी चुकतंय हे मेंदूला कळायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. हात मागे घ्यायला उरतो फारच थोडा वेळ.

पण खरी मेख क्लचमध्ये आहे. जुन्या, स्वस्त, छोट्या शॉपमधल्या बहुतेक प्रेसना रोलिंग कीचा क्लच असतो. ही रोलिंग की, म्हणजे फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणारी खीळ, एकदा गुंतली की फेरी पूर्ण झाल्याशिवाय सुटत नाही. मध्येच थांबवायची सोयच नाही. तुम्ही लाल बटण दाबा, मेन स्विच पाडा, फ्लायव्हीलमध्ये साठलेली ताकद रॅमला खाली आणणारच. दुसरा प्रकार हवेच्या दाबावर चालणाऱ्या घर्षण क्लचचा, म्हणजे न्यूमॅटिक क्लचचा. त्यात हवा सोडली की क्लच सुटतो, ब्रेक लागतो आणि रॅम अर्ध्या वाटेत थांबू शकतो.

रोलिंग कीच्या प्रेसचा आणखी एक दुर्गुण म्हणजे डबल स्ट्रोक. की झिजली, तिची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक ढिला झाला की पॅडलवर पाय नसतानाही रॅम पुन्हा खाली येतो. ऑपरेटरच्या हिशेबाने फेरी संपलेली असते, जॉब उचलायला हात आत गेलेला असतो. या अपघातात त्याची तसूभरही चूक नसते. आणि डबल स्ट्रोक सहसा पहिल्याच झटक्यात बोट घेत नाही. आधी एकदा रिकामाच पडतो, मग चार दिवसांनी पुन्हा. ऑपरेटर सांगतो, "साहेब, मशीन डबल मारतंय." उत्तर मिळतं, "एवढी ऑर्डर जाऊ दे, रविवारी बघू." माझ्या मते प्रेस शॉपमधलं सर्वांत महागात पडणारं वाक्य हेच आहे.

धोका आणि जोखीम

सुरक्षेच्या भाषेत हे दोन शब्द वेगळे ठेवतात, कारण त्यांच्यावरचे उपायही वेगळे आहेत. इजा करू शकणारी गोष्ट म्हणजे धोका. इथे पंच (रॅमला लावलेलं हत्यार) आणि डाय यांच्यामधली मिटणारी जागा हा धोका. त्यातून इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर ती किती मोठी, या दोन्हींचा मिळून अंदाज म्हणजे जोखीम. प्रेस कुलूप लावून कोपऱ्यात बंद असेल तर धोका आहे, जोखीम जवळपास नाही. तीच प्रेस बारा तास पॅडलवर चालू असेल आणि ब्लँक हाताने ठेवावा लागत असेल तर जोखीम टोकाची.

मग शॉपमधून फिरताना काय पाहायचं? कोणत्या जागी माणसाचं अंग आणि यंत्राची ताकद एकत्र येते, किती वेळा येते आणि त्या दोघांच्या मध्ये काय आहे. मध्ये फक्त माणसाचं लक्ष असेल, तर मध्ये काहीच नाही असं धरायचं.

उपायांची उतरंड

उपाय पाच प्रकारचे, आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे: धोका काढून टाकणं, त्याऐवजी कमी घातक काही वापरणं, यंत्रालाच आडोसा करणं, कामाचे नियम बसवणं, आणि सर्वांत शेवटी माणसाच्या अंगावर चढवायची साधनं. वरचा उपाय माणसाच्या लक्षावर कमीत कमी अवलंबून असतो, खालचा सर्वांत जास्त. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही उतरंड उलटी चढतात. सुरुवात हातमोजे आणि पोस्टरने होते आणि तिथेच थांबते, कारण हातमोजे शंभर-दोनशे रुपयांत येतात आणि फोटोत चांगले दिसतात.

वरून सुरू करू. धोका काढून टाकायचा म्हणजे हात आत जाण्याची गरजच संपवायची. कॉइलवरून पट्टी आपोआप सरकवणारा फीडर लावला तर ऑपरेटर डायपासून लांब उभा राहतो. पण महिन्याला दोन हजार नगांची ऑर्डर असलेल्या शॉपला फीडर परवडत नाही, हे मान्य. मग टूलरूमकडे जायचं. बाहेर ब्लँक ठेवून आत ढकलता येईल असं सरकतं ताट डायला लावता येतं. उताराची नळी बसवली तर ब्लँक आपल्या वजनाने घरंगळत जागेवर जातो. तयार जॉब हवेच्या फवाऱ्याने मागे उडवता येतो. पातळ पत्र्याचं नुसतं भोक पाडण्याचं काम असेल तर पंच आणि डाय यांच्यातली फट सहा मिलीमीटरपेक्षा कमी ठेवता येते, त्यात पत्रा जातो, बोट जात नाही. यातल्या कशालाही परदेशी यंत्र लागत नाही. डाय बनवतानाच टूलमेकरला "हात आत जाता कामा नये" एवढं सांगायचं असतं. डाय तयार झाल्यावर मात्र हेच काम तिप्पट त्रासाचं होतं.

बदलण्याचा उपाय इथे एकच मोठा, तो म्हणजे रोलिंग कीची प्रेस काढून न्यूमॅटिक क्लचची घेणं किंवा जुनीवर तसा क्लच चढवून घेणं. खर्चिक आहे. पण पुढच्या पायरीवरची अर्धी साधनं याच्याशिवाय निरुपयोगी ठरतात.

गार्ड, बटणं आणि प्रकाशाचा पडदा

तिसरी पायरी जरा सविस्तर पाहू, कारण सर्वांत जास्त पैसे इथे खर्च होतात आणि सर्वांत जास्त फसगतही इथेच होते.

सगळ्यात साधा म्हणजे जाळीचा पक्का गार्ड. तो डायच्या चारही बाजूंनी बसतो, पत्रा जाण्यापुरती फट ठेवतो. बोल्टने बसवलेला असावा, हाताने उचलून ठेवता येणारा नको. गार्ड वारंवार उघडावा लागत असेल तर त्याला इंटरलॉक हवा. घरातला मिक्सर आठवा. अनेक मिक्सरमध्ये भांडं किंवा झाकण नीट बसल्याशिवाय पातं फिरतच नाही. झाकण लावायची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. प्रेसच्या गार्डचंही तेच, उघडा असेल तर क्लच गुंतायलाच नको.

दुसरं साधन दोन हातांची बटणं. रॅम खाली येतो तेव्हा दोन्ही हात बटणांवर असतील तर ते डायमध्ये असूच शकत नाहीत, असा साधा विचार. पण बटणं दोन असून भागत नाही. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच प्रेस चालावी आणि दर स्ट्रोकला दोन्ही सोडून पुन्हा दाबावी लागावीत, अशी जोडणी हवी. नाहीतर काय होतं ते कुठल्याही शॉपमध्ये बघायला मिळतं. एका बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेली असते किंवा फटीत काडी खोचलेली असते. दुसरं बटण डाव्या हाताने दाबायचं, उजवा हात डायमध्ये मोकळा. आणि प्रेसवर हेल्पर असेल तर बटणांची एक जोडी पुरत नाही. बटणं ऑपरेटरचे हात बाहेर ठेवतात, समोरून जॉब उचलणाऱ्याचे नाही. जितकी माणसं, तितक्या जोड्या.

तिसरं साधन लाइट कर्टन. दोन उभ्या पट्ट्यांमध्ये अदृश्य किरणांचा पडदा असतो, हात मध्ये आला की किरण तुटतो आणि प्रेस थांबते. ग्राहक कंपनीचे लोक पाहणीला आले की हाच मोठ्या कौतुकाने दाखवला जातो. इथे दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, क्लच कोणता? रोलिंग कीच्या प्रेसवर लाइट कर्टन लावणं म्हणजे निव्वळ शोभा. फेरी सुरू झाल्यावर किरण तुटला तर पडदा 'थांब' म्हणेल, पण प्रेसला थांबताच येत नाही. दुसरी गोष्ट अंतराची. माणसाचा हात सेकंदाला 1.6 मीटर वेगाने पुढे जातो असं गणितात धरतात. किरण तुटल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत 0.2 सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात 320 मिलीमीटर आत पोहोचतो. शिवाय दोन किरणांच्या फटीतून बोट थोडं आत शिरल्यावरच ते ओळखलं जातं, त्यासाठी आणखी अंतर सोडावं लागतं. म्हणजे डायपासून वीतभर लांब बसवलेला पडदा दिवा लावतो, आवाज करतो, प्रेस थांबवतोही, फक्त बोट गेल्यानंतर. ब्रेकचं लायनिंग झिजलं की थांबायचा वेळ वाढतो, त्यामुळे तो मधूनमधून मोजावा लागतो. असं मोजलेलं किती ठिकाणी आढळतं, ते वाचकांनी आपापल्या शॉपमध्ये विचारून बघावं.

पॅडलबद्दल एकच सांगतो. त्यावर वरून आणि बाजूंनी झाकण हवं. वरून पडलेला जॉब किंवा मागून जाणाऱ्याचा पाय लागून रॅम खाली आला असं होता कामा नये. झाकण पत्र्याच्या स्क्रॅपमधून तासाभरात बनतं.

बंद मशीन जास्त फसवतं

चौथी पायरी नियमांची. तिच्यात प्रशिक्षण, फलक, पाळीतल्या विश्रांती, कामाची अदलाबदल असं बरंच येतं. मी फक्त डाय बदलण्याच्या वेळेवर थांबतो, कारण तिथे आडोसे काढावेच लागतात आणि नियमाशिवाय दुसरं काही उरत नाही.

सेटर, म्हणजे डाय बसवणारा माणूस, डाय बदलत असताना त्याचं डोकं आणि दोन्ही हात रॅमखाली असतात. मोटर बंद केली म्हणून तो निर्धास्त असतो. पण मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं आणि त्या वेळात पॅडलला धक्का लागला तर पूर्ण स्ट्रोक बसतो. फ्लायव्हील थांबलं तरी रॅम आपल्याच वजनाने खाली सरकू शकतो. न्यूमॅटिक प्रेस असेल तर नळ्यांत हवा कोंडलेली असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पलीकडून कुणीतरी येऊन "अरे, हे कुणी बंद केलं?" म्हणत स्विच वर करतो.

उपाय असा: मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालायचं आणि कुलपाची चावी सेटरच्या खिशात. पॅनेलवर नाही, सुपरवायझरकडे नाही, त्याच्याच खिशात. दोघं काम करत असतील तर कुलपं दोन. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची, हवा सोडून द्यायची आणि रॅमखाली लोखंडी ठोकळा उभा करायचा. मग एकदा चालू करून बघायचं, खरंच बंद आहे ना. कुलूपबंदीची ही पद्धत वीज मंडळाचे लाइनमन, लिफ्टचे मेकॅनिक, साखर कारखान्यातले फिटर अशा सगळ्यांना लागू आहे. 'मेन बंद कर रे' असं ओरडून सांगणं आणि तिकडून 'केलं' असं उत्तर येणं, एवढ्या भरवशावर आपल्याकडे बरीच दुरुस्ती चालते.

पाचवी पायरी अंगावरची साधनं. पत्र्याच्या धारेने हात कापू नये म्हणून हातमोजे हवेतच, आवाजासाठी कानात प्लग हवेत, पायात लोखंडी टोपीचे बूट हवेत. पण पन्नास टनांच्या प्रेसखाली हातमोजा काय वाचवणार? उलट ड्रिल मशीनवर हातमोजे घालणं घातक. फिरणाऱ्या ड्रिलमध्ये मोज्याचा धागा अडकतो आणि तो बोटांसकट हात गुंडाळून घेतो. जॉब उचलायला चुंबकाची काठी किंवा लांब चिमटा देणं हातमोज्यांपेक्षा शंभर पटीने चांगलं. चिमटा मऊ धातूचा असावा, म्हणजे तो सापडला तरी डाय फुटत नाही. डाय फुटेल या भीतीनेच पुष्कळ ठिकाणी चिमटा वापरू देत नाहीत, हे वाचायला विचित्र वाटेल, पण शॉपमधल्या माणसांना वाटणार नाही.

बटण बांधतं कोण?

आता त्या सायकलच्या ट्यूबकडे वळू. ती पाहून पहिली प्रतिक्रिया 'ही पोरं ऐकतच नाहीत' अशी होते. पण कुणी आपल्या बोटांचा वैरी नसतो. टार्गेट पाळीला तीन हजारांचं आणि दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबून काम केलं की निघतात चोवीसशे, असं असेल तर उरलेले सहाशे ट्यूबनेच निघणार. बटणं खांद्याच्या उंचीवर असतील तर तासाभरात खांदे भरून येतात. नगावर पैसे मिळत असतील तर प्रत्येक सेकंदाचे पैसे कापले जातात. आणि सुपरवायझरला ती ट्यूब दिसत नसते असं थोडंच आहे? ट्यूब सापडली तर ती काढून टाकण्याबरोबरच टार्गेट, बटणाची उंची आणि पगाराची पद्धत या तिन्हींकडे बघावं. नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसरी ट्यूब येते.

आडोसे काढून टाकणं ही फक्त कामगाराची सवय नाही. भोपाळला 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट गळालं, तेव्हा साठा थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती आणि सुटलेला वायू जाळणाऱ्या टॉवरचा पाइप दुरुस्तीसाठी सोडवलेला होता. हे निर्णय पाळीवरच्या ऑपरेटरने घेतले नव्हते. आणि उतरंडीची सर्वांत वरची पायरी तिथेही होतीच. इतका घातक पदार्थ टाकीत एवढा साठवण्याची गरज होती का, हा प्रश्न रासायनिक उद्योगात जगभर नेटाने विचारला जाऊ लागला तो त्यानंतर.

कामगाराला दोष देण्याच्या सवयीला एक जुना आधारही सांगितला जातो. 1931 मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिकने मांडलं की 88 टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्याने होतात. सुरक्षेच्या वर्गांत हा आकडा अजूनही फळ्यावर लिहितात. त्याने वापरलेल्या मूळ नोंदी पुढच्या अभ्यासकांना तपासायला मिळाल्याच नाहीत, आणि मुळात त्यांतली बरीचशी कारणं सुपरवायझरांनीच लिहिलेली. सुपरवायझर कारणाच्या रकान्यात काय लिहितो, ते वर आलंच आहे. हाइनरिकची दुसरी गोष्ट मात्र, तिच्यातले नेमके आकडे सोडले तर, कामाची आहे: मोठ्या अपघाताआधी बरेच छोटे आणि हुकलेले प्रसंग घडून जातात. डबल स्ट्रोक रिकामा पडला, हातमोज्याचं टोक सापडलं, डाय बदलताना रॅम इंचभर सरकला. हे लिहून ठेवायला एक वही हवी, आणि तिच्यात लिहिणाऱ्याला ओरडा बसणार नाही याची खात्री हवी. वही कोरी असेल तर शॉप सुरक्षित आहे असं समजू नये, लोक घाबरतात असं समजावं.

हीच नजर प्रेसच्या बाहेरही चालते. सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. हवेत साधारण 20.9 टक्के ऑक्सिजन असतो, तो 19.5 च्या खाली असेल तर साध्या मास्कने आत जायचंच नाही, आणि विषारी वायू वासावरून ओळखण्याच्या फंदात पडायचं नाही. मीटरने मोजायचं. त्याआधी विचारायचं, टाकी बाहेरून साफ होईल का?

कायदा, आणि अपघात झालाच तर

1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 21 प्रमाणे यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणं मालकावर बंधनकारक होतं, आणि यंत्र चालू असताना ते जागेवर असणंही. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 हिने घेतली आहे. नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला 20 कामगार लागतात, 1948 च्या मूळ कायद्यात 10 पुरत होते. पंधरा माणसं आणि सहा प्रेस असलेला गाळा त्या व्याख्येबाहेर राहतो. प्रेसला मात्र माणसं मोजता येत नाहीत.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू आहे. कामावरच्या इजेसाठी किती महिने वर्गणी भरली याची अट नसते, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. बरं होईपर्यंत सरासरी रोजच्या 90 टक्के दराने पैसे मिळतात, कायमचं अपंगत्व आलं तर टक्केवारीनुसार पेन्शन. कॉन्ट्रॅक्टरकडच्या कामगारालाही हे लागू आहे. प्रत्यक्षात पुष्कळांचं कार्ड अपघाताच्या दिवशीच निघतं. म्हणून कामाला लागल्याच्या आठवड्यातच आपला विमा क्रमांक मागून घ्यावा. टक्केवारीचा अंदाज यावा म्हणून, 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात दर असे होते: अंगठा 30 टक्के, पूर्ण तर्जनी 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7, एका हाताची चारही बोटं 50.

बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. तुटलेलं बोट शोधा, सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, पेशी गोठून मरतात. हळद, तंबाखू, कॉफी काहीही लावायचं नाही. बोट जोडणारे सर्जन प्रत्येक दवाखान्यात नसतात, म्हणून आपल्या एमआयडीसीपासून जवळचं असं हॉस्पिटल कोणतं, त्याचा फोन नंबर प्रेसजवळच्या भिंतीवर आधीच लिहून ठेवावा.

लहान गाळ्याच्या मालकाला हे सगळं एकदम जमणार नाही. पैसे थोडे असतील तर मी हा क्रम धरेन: डबल मारणारी प्रेस आजच बंद, पॅडलांना झाकणं, सेटरसाठी कुलूप आणि ठोकळा, हाताने भरायच्या डायना चिमटा किंवा सरकतं ताट, मग पक्के गार्ड. लाइट कर्टनचं कोटेशन त्यानंतर मागवा, आणि मागवताना क्लच कोणता आहे ते विक्रेत्याला आधी सांगा. तरीही तो "बसेल की साहेब" म्हणाला, तर दुसरा विक्रेता शोधा.